जंगल पाऊस आणते म्हणजे नेमके काय करते?

'जंगल पाऊस आणते' हे वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेले असते, रस्त्याच्या कडेच्या फलकावर असते आणि वृक्षारोपणाच्या भाषणांत तर ते असतेच असते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आमच्या कोंढ्यासारख्या गावात मात्र या वाक्याची किंमत सुविचारापुरती नाही. इथला शेतकरी धानाचा. मृगात पऱ्हे टाकायचे आणि पुढे रोवणी करायची, तर बांधीत पाणी उभे राहावे लागते. पाऊस दोन-तीन आठवडे लांबला की पऱ्हे पिवळे पडू लागतात, रोवणीची मजुरी अंगावर येते आणि मग चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच निदान ऐकू येते : "जंगल गेलं, म्हणून पाणी गेलं."

या निदानात खरे किती आणि ऐकीव किती, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे. त्याचे कारण असे की, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जंगल आणि ढग यांच्या नात्याबद्दल विज्ञानाने जे शोधून काढले, ते अजून आपल्या बोलण्यात उतरलेले नाही. झाडे मुळांनी पाणी ओढतात आणि पानांवाटे ते वाफेच्या रूपात हवेत सोडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु जंगल याखेरीज आणखी एक काम करते. ते हवेत अतिशय बारीक कण सोडते आणि काही कण तर हवेतच घडवते. या कणांवाचून ढगाचे पान हलत नाही. आजचे बोलणे आहे ते या कणांविषयी.

ढगालाही बी लागते

ढग म्हणजे वाफ, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो ढग म्हणजे पाण्याच्या अगदी बारीक थेंबांचा, आणि फार उंचावर असेल तर हिमकणांचा, समूह. वाफेचे थेंबात रूपांतर व्हायचे, तर तिला बसायला काहीतरी जागा हवी असते. हिवाळ्याच्या पहाटे गवताच्या पात्यावर दव साचते, कारण तिथे पाते असते. आकाशात पाते कुठून येणार? तिथे हे काम हवेतला सूक्ष्मकण करतो.

फ्रान्समधील कुलिए यांनी १८७५ मध्ये आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत स्कॉटलंडचे जॉन एटकेन यांनी एक साधा प्रयोग केला. बंद भांड्यातील दमट हवा एकाएकी थंड केली की आत धुके तयार होई. तीच हवा कापसातून गाळून घेतली की धुके होईनासे होई. पाणी तेवढेच, थंडी तेवढीच. गेले होते ते फक्त कण. पुढे सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाने हा प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. १८९४ साली बेन नेव्हिस या डोंगरावरच्या वेधशाळेत असताना ढगांवर पडलेली सूर्यप्रकाशाची रंगीत वलये त्यांनी पाहिली आणि प्रयोगशाळेत ढग तयार करण्याचा ध्यास घेतला. त्यातून निघालेल्या 'मेघकोष्ठ' या उपकरणासाठी त्यांना १९२७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ढग समजून घ्यायला निघालेल्या माणसाच्या हाती अणूतील कणांचा माग दाखवणारे यंत्र लागले, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक सुंदर योगायोग आहे.

कण नसतील, तर ढग बनण्यासाठी हवेत सामान्यतः मावते त्याच्या कित्येक पट वाफ कोंबावी लागेल. निसर्गात असे होत नाही. खऱ्या ढगात आर्द्रता शंभर टक्क्यांच्या वर जाते, ती जेमतेम एखाद्या टक्क्याने किंवा त्याहूनही कमी. एवढ्यावर ढग तयार होतात याचा अर्थच असा की, हवेत कण हजर असतात. पाठ्यपुस्तके त्यांना 'संघनन केंद्रक' म्हणतात. धानाच्या मुलखात आपण त्यांना ढगाचे बी म्हणू या.

हे बी किती लहान? मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे किंवा त्याच्या निम्मे. त्यावर वाफ जमून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा थेंब होतो, तेव्हा ढग दिसू लागतो. पण असा थेंब जमिनीवर पडत नाही. हवेच्या आधाराने तो तरंगत राहतो. दोन मिलिमीटरचा एक पावसाचा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून आकाशात ढग असणे आणि पाऊस पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै महिन्यात आभाळ भरून येते आणि तसेच निघून जाते, हे आपण दरवर्षी बघतो.

जंगलातून काय उडते?

ढगाचे बी अनेक ठिकाणांहून येते. समुद्राच्या लाटा फुटतात, तेव्हा मिठाचे कण उडतात. वाळवंटातून धूळ येते. कोळसा जाळला की गंधकाचा वायू निघतो आणि त्यापासून कण बनतात. चूल, वणवा, वाहने यांच्या धुरातून कण येतात. आणि जंगलातून येतात ते दोन प्रकारे.

पहिला प्रकार सरळ आहे. परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, वाळलेल्या पानांचा चुरा असे सगळे वाऱ्याबरोबर वर जाते. पावसाळ्यात जंगलातल्या वारुळांवर सात्या उगवतात. अशी एकेक अळंबी अगणित बीजाणू हवेत सोडते. जगभरातील बुरशी वर्षाला जे बीजाणू सोडते, त्यांचे वजन काही कोटी टन भरेल असे अंदाज आहेत. ॲमेझॉनच्या जंगलातील कण २०१२ मध्ये तपासण्यात आले, तेव्हा त्यांच्या गाभ्यात पोटॅशियमचे क्षार सापडले. हे क्षार वनस्पती आणि बुरशी यांच्यापासून आलेले होते.

पहिल्या पावसाचा मातीचा वास हासुद्धा या कुळातलाच. ऑस्ट्रेलियातील बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले तो वास फार पूर्वीपासून 'मिट्टी अत्तर' म्हणून कुपीत भरत आले आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवले की, थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्या तळाशी हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि मातीतले कण हवेत फेकतात. म्हणजे पाऊस जमिनीवर पडतानाही हवेत नवे कण सोडून जातो.

दुसरा प्रकार अधिक नवलाचा आहे. इथे जंगल कण सोडत नाही. वायू सोडते आणि कण हवेत घडतो. हे कळण्यासाठी नागपुरी संत्रे सोलावे. साल दुमडून दाबली की बारीक फवारा उडतो आणि खोलीभर वास पसरतो. तो लिमोनीन या पदार्थाचा. निलगिरीचे पान चुरडले किंवा टर्पेंटाइनची बाटली उघडली की येणारा उग्र वास याच घराण्यातला. या घराण्याला टर्पीन म्हणतात. त्याच्याच मूळ घटकासारखा एक हलका वायू म्हणजे आयसोप्रीन. तो आपल्या नाकाला सहसा जाणवत नाही, पण जगातील वनस्पती वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. असे सगळे वनस्पतिजन्य वायू मिळून हा आकडा १०० कोटी टनांच्या आसपास जातो.

झाड हा खर्च का करते? बऱ्याच झाडांना आयसोप्रीनमुळे कडक ऊन सोसता येते, असे दिसून आले आहे. ऊन आणि तापमान वाढले की पानातून हा वायू जास्त निघतो. काही टर्पिने किडीला दूर ठेवतात. सर्वच झाडे सारख्या प्रमाणात वायू सोडत नाहीत. काही भरपूर सोडतात, काही जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात पाने झडली की हा वायूही घटणार आणि मोहाला, पळसाला नवी पालवी फुटून जंगल भरू लागले की त्याचा हंगाम पुन्हा सुरू होणार, हे ओघानेच आले.

निळी झांज आणि बिडीचा धूर

दूरचे डोंगर निळसर का दिसतात, हा प्रश्न फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाला पडला होता. जिथे कारखाने नाहीत, वाहने नाहीत, अशा जंगली डोंगरांवरही उन्हाळ्यात निळी झांज असते. १९६० साली त्यांनी मांडले की, झाडांनी सोडलेल्या टर्पिनांपासून हवेत अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते निळा प्रकाश विखुरतात.

भंडारा जिल्ह्याला हे समजावून सांगण्यासाठी डोंगरावर जायची गरज नाही. तेंदूपत्ता आणि बिडी ही आपल्या ओळखीची आहे. पेटलेल्या बिडीच्या टोकावरून निघणारा धूर निळसर असतो. ओढून तोंडावाटे सोडलेला धूर पांढरट दिसतो. टोकाच्या धुरातले कण फार बारीक असतात, म्हणून ते निळा रंग अधिक विखुरतात. छातीतल्या ओलाव्याने त्यांच्यावर पाणी चढते, ते मोठे होतात आणि सगळे रंग सारखे विखुरू लागतात. बिडी ओढावी असे मी मुळीच सुचवत नाही. पण झाडावरची निळी झांज आणि आकाशातला पांढरा ढग यांच्यात फरक आहे तो असाच, कणाच्या आकाराचा.

वेंट यांचे म्हणणे सिद्ध होण्यास बराच काळ गेला. फिनलंडमध्ये ह्युटियाला येथे पाइन वृक्षांच्या जंगलात १९९५ मध्ये एक निरीक्षण केंद्र उभे राहिले. मार्कु कुल्माला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षे रात्रंदिवस कण मोजले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी अचानक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही लहान असे असंख्य कण प्रकट होतात आणि दिवसभरात हळूहळू वाढत जातात, असे त्यांना आढळले. जंगलाच्या वायूवर हवेतील ओझोनची आणि सूर्यप्रकाशात बनणाऱ्या इतर क्रियाशील घटकांची क्रिया होते. त्याने वायूचे रेणू जड आणि चिकट बनतात, एकमेकांना धरतात आणि कण वाढू लागतो. पऱ्ह्यातले सगळेच रोप बांधीत लागत नाही, तसे यातले बरेच कण मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. जे टिकतात, ते एक-दोन दिवसांत ढगाचे बी होण्याएवढे वाढतात.

जिनिव्हातील बंद टाकी

बरीच वर्षे शास्त्रज्ञांचे असे मत होते की, कणाचा पहिला अंकुर फुटायला गंधकाम्ल लागतेच. जंगलाचे वायू त्याला नंतर फक्त पोसतात. हे तपासण्यासाठी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत 'क्लाउड' नावाचा प्रयोग २००९ मध्ये सुरू झाला. ही पोलादाची २६ घनमीटरची टाकी आहे. आतली हवा इतकी स्वच्छ ठेवतात की, एखादा वायू किंचित सोडला तरी त्याचा परिणाम वेगळा काढता येतो.

२०१६ मध्ये या गटाने निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाइनच्या वासातील पायनीन आणि ओझोन एवढ्यावरच, गंधकाम्लाच्या मदतीशिवाय, नवे कण तयार होतात. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेत जे विद्युतभारित रेणू बनतात, ते हजर असतील तर हा वेग १० ते १०० पट वाढतो. त्याच वर्षी आल्प्स पर्वतातील युंगफ्राउयोख या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या केंद्रातही अशा प्रकारे कण बनताना दिसले.

या निष्कर्षाचा आपल्या पावसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो हवामानबदलाच्या हिशेबाशी. कारखानदारीने कार्बन डायऑक्साइड वाढवून पृथ्वी तापवली, पण त्याच धुरातल्या कणांनी ढग अधिक पांढरे करून काही उष्णता परतवलीही. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला सुमारे २.२ वॅट आहे, तर मानवनिर्मित कणांचा गारवा आणणारा परिणाम सुमारे १.१ वॅट. हा दुसरा आकडा मात्र ०.४ ते १.७ यांत कुठेही असू शकतो. एवढी मोठी फट राहते, कारण कारखान्यांपूर्वीचे आकाश कसे होते ते आपण मोजलेले नाही. पूर्वीची हवा फार स्वच्छ होती असे धरले, तर धुराने खूप बदल केला असे निघते. पण जंगल एकट्याच्या बळावर कण घडवत असेल, तर पूर्वीचे ढगही वाटले त्यापेक्षा पांढरे असले पाहिजेत. २०१६ मधील एका गणिताप्रमाणे, हे लक्षात घेतले तर ढग पांढरे करून मानवी धुराने आणलेला गारवा सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरतो. झाडांच्या वासाने जगाच्या तापमानाचा ताळेबंद बदलतो, तो असा.

यात नवी भर २०२४ च्या अखेरीस पडली. आयसोप्रीन जमिनीलगत नवे कण सहसा घडवत नाही, उलट टर्पिनांच्या कामात अडथळाच आणते, असे आधी दिसले होते. ॲमेझॉनवर विमाने नेऊन केलेल्या मोजमापांत आढळले की, रात्रीची गडगडाटी वादळे हा वायू ८ ते १५ किलोमीटर उंच उचलून नेतात. तिथे कडाक्याची थंडी असते. सूर्य उगवला की त्या थंडीत आयसोप्रीनपासून प्रचंड संख्येने कण तयार होतात आणि वाऱ्यांबरोबर हजारो किलोमीटर दूर समुद्रावर जातात. एका जंगलाचे बी दुसऱ्याच्या आभाळात पेरले जाते.

जास्त बी म्हणजे जास्त पाऊस नव्हे

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की, कण वाढवले की पाऊस वाढला. तसे नाही आणि आजच्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे.

पंगतीत वरणाचे एकच पातेले आहे. पन्नास पाने असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पळीभर येते. पाचशे पाने मांडली, तर थेंब-थेंब येईल. ढगातही पाणी ठरावीक असते. कण मोजके असले की थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळतात, एकत्र येतात आणि पाऊस सुरू होतो. कण बेसुमार झाले की थेंब बारीक राहतात. असा ढग जास्त पांढरा दिसतो, ऊन परतवतो, पण पाऊस द्यायला वेळ लावतो. कधी देतच नाही. ढगाच्या शुभ्रतेचा हा नियम शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडला.

ॲमेझॉनच्या पावसाळ्यात एका लहान बोराएवढ्या जागेत असे काही शेच कण असतात. खुल्या समुद्रावरच्या हवेशी हे प्रमाण जुळते, म्हणून शास्त्रज्ञ त्या जंगलाला 'हिरवा समुद्र' म्हणतात. त्याच प्रदेशात जंगल जाळण्याचा मोसम आला की संख्या हजारोंवर जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, अशा धुराळ ढगांत पाऊस उशिरा सुरू होतो, ढग अधिक उंच वाढतात आणि मग विजा, गारा यांच्यासह कोसळतात. जंगल तेच आणि झाडेही तीच. जिवंत असताना ते आभाळाला मोजके बी देते आणि पेटवले की आभाळ गुदमरवते.

जंगलातल्या मोठ्या कणांचे आणखी एक काम आहे. बीजाणू, परागकण संख्येने थोडे, पण आकाराने मोठे. त्यांच्यावर मोठे थेंब लवकर बनतात. काही जिवाणूंची तर खासियत अशी की, ते पाण्याला उणे दोन अंशांवरच गोठवू शकतात. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब मात्र उणे ३८ अंशांपर्यंत गोठत नाही. ढगाच्या वरच्या भागात हिमकण बनले की पावसाला वेग येतो, म्हणून अशा मूठभर जिवांचे महत्त्व त्यांच्या संख्येवरून ठरत नाही.

कृत्रिम पावसाचेही हेच तत्त्व आहे. महाराष्ट्रात २००३ मध्ये तसे प्रयोग झाले. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून विमानाने ढगांचा आणि कणांचा मोठा अभ्यास हाती घेतला. त्याचा एक टप्पा सोलापूर परिसरात झाला. फवारणी करायची तर आधी योग्य ढग असावा लागतो. कोरड्या आभाळात कितीही बी फेकले तरी उगवत नाही. याच संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीलाच टेकतात, त्यामुळे ते विमानाशिवाय तपासता येतात. भोवती सह्याद्रीचे दाट रान असल्याने झाडांपासून बनलेले कणही तिथे अभ्यासायला मिळतात. २०२४ मध्ये मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातील सिलखेडा येथे असेच एक मोठे केंद्र सुरू झाले. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे मध्य भारतावरून जातात, तो हा मार्ग. आपल्या धानाला मिळणारे पाणी बहुतांशी याच मार्गाने येते.

आपल्या तालुक्यापुरते

आता पुन्हा त्या चहाच्या टपरीवरच्या निदानाकडे येऊ. कोंढ्याच्या पंचक्रोशीत पाऊस पडतो तो मुख्यतः मोसमी वाऱ्यांमुळे आणि या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. गावाशेजारी हजार झाडे लावली म्हणून पुढच्या मृगात जास्त पाणी पडेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र मोठ्या प्रदेशावरचे जंगल गेले, तर फरक पडतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये दाखवले की, भारतात जंगलाची शेतजमीन झाल्याने पानांवाटे निघणारी वाफ घटली आणि मोसमी पावसाच्या क्षीण होण्यात तिचा वाटा आहे. जमिनीवरून परत मिळणारे हे पाणी पावसाळ्याच्या उत्तरार्धात अधिक मोलाचे असते, नेमके धान निसवण्याच्या सुमारास.

आपल्या बाजूला नवेगाव-नागझिरा आहे, कोका आहे, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे जंगल तर आपल्या तालुक्यातच आहे. या जंगलांची ढगांच्या बाबतीतली सगळ्यात मोठी हानी दोन गोष्टींनी होते असे मला वाटते. एक म्हणजे वणवा. मोहफुले वेचायला झाडाखालची जागा स्वच्छ हवी म्हणून पालापाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून आग लावतात आणि ती आवाक्याबाहेर जाते. धुरातले काळे कण ऊन शोषून हवा तापवतात. वर सांगितलेला पंगतीचा हिशेबही बिघडतो. पालापाचोळ्यासोबत बुरशी, जिवाणू आणि कोवळी रोपे जातात ती वेगळीच. मोहफुले गोळा करणे हा अनेक घरांचा उन्हाळ्यातला आधार आहे. तो सोडा असे म्हणण्याचा कोणालाच अधिकार नाही. झाडाखाली जाळी बांधली, तर फुले मातीत न पडता स्वच्छ मिळतात आणि आगीची गरजच उरत नाही. यंत्राने कापलेल्या धानाचे उभे खुंट पेटवण्याची जी सवय लागते आहे, तिलाही हेच लागू आहे. तणस गुरांच्या कामाचे आहे. धुराच्या रूपाने ते कोणाच्याच कामाचे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जंगलाच्या वायूशी होणारी भेसळ. झाडांचे वायू स्वच्छ हवेत निरुपद्रवी असतात. वाहने आणि कोळसा यांपासून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्यांत मिसळले की उन्हात जमिनीलगत ओझोन बनतो. तो फुप्फुसांना आणि पिकांना अपायकारक आहे. अमेरिकेतील अटलांटा शहराबाबत १९८८ मध्ये हे स्पष्ट दिसले. म्हणून झाडेच प्रदूषण करतात असा उफराटा अर्थ काढणारे तेव्हाही होते. झाडे लाखो वर्षे हेच करत आली आहेत. मध्ये नवीन आले आहे ते इंजिन आणि धुराडे.

रोपवनाचा विचार करतानाही हे ध्यानात ठेवावे. एका जातीची रांगेने लावलेली झाडे आणि ऐन, मोह, बिजा, तेंदू, बांबू, खाली पालापाचोळा, त्यात बुरशी असे नांदते जंगल, ही आभाळाच्या दृष्टीने एक नव्हेत. नांदते जंगल निरनिराळे वायू सोडते, निरनिराळे कण देते, वर्षाच्या निरनिराळ्या काळात देते. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दूरवर कुठे तरी रोपे लावली म्हणून हा हिशेब मिटत नाही.

शेवटी काळाचे एक गणित सांगतो. कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे राहतो. जंगलातला कण मात्र हवेत टिकतो तो फार तर आठवडा-दोन आठवडे. मग पावसाबरोबर खाली येतो. म्हणजे जंगलाला हे काम दररोज नव्याने करावे लागते. त्याची शिल्लक कुठे जमा होत नाही. आज जंगल तोडले, तर त्याने काल दिलेले बी फार तर पंधरवडाभर पुरेल.

तेव्हा 'जंगल पाऊस आणते' हे वाक्य भिंतीवरून पुसण्याचे कारण नाही, पण ते समजून म्हणावे. पाणी समुद्राचे असते, ते वाहून आणतो वारा. जंगल त्यातले काही पाणी परत फिरवते आणि ढगाला मोजके, चांगले बी देते. येत्या उन्हाळ्यात आपल्या शिवारालगतच्या रानात धूर दिसला, तर तो विझवायला धावणाऱ्या चार माणसांना हे ठाऊक असावे, की ते केवळ झाडे वाचवत नाहीत. मृगाआधीचे आभाळ स्वच्छ ठेवण्याचे कामही त्यांच्या हातून होत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)